मिठाचं पाणी आणि चौथ्या श्रेणीचा प्रबंध

जानेवारी १७९९ मध्ये नेपोलियनच्या फौजेतली एक तुकडी कैरोच्या वायव्येला, वाळवंटातल्या नात्रून खोऱ्यात गेली. बरोबर सेनापती आंद्रेओसी होता आणि नुकताच पन्नाशीला पोचलेला रसायनशास्त्रज्ञ क्लोद लुई बर्थोले. कामगिरी धंद्याची होती. या खोऱ्यातल्या तळ्यांच्या काठावर नात्रून, म्हणजे खनिज सोडा, आपोआप साचतो. काचेला, साबणाला, कापडाच्या धुलाईला तो लागतो. इथून किती उचलता येईल, याचा अंदाज फ्रेंचांना हवा होता.

बर्थोले मात्र थबकला तो वेगळ्याच गोष्टीपाशी. तळ्याचं पाणी खारट, आसपास चुनखडी, आणि काठावर सोड्याचा पांढरा थर. म्हणजे मीठ आणि चुनखडी यांच्यातून सोडा तयार होत होता. पॅरिसच्या प्रयोगशाळेत याच्या बरोबर उलटं घडतं. सोड्याच्या द्रावणात कॅल्शियम क्लोराइड ओतलं, की चुनखडी पांढऱ्या साक्याच्या रूपात तळाशी बसते आणि वरच्या पाण्यात मीठ उरतं. हे कोणीही, कितीही वेळा करून बघावं. मग वाळवंटात गाडी उलटी का धावते? बर्थोलेचं उत्तर असं होतं: इथे मीठ आणि चुनखडी अमाप आहे, तयार होणारा सोडा काठावर सुकून बाजूला पडतो आणि कॅल्शियम क्लोराइड जमिनीत मुरून जातं. अभिक्रिया कुठल्या बाजूला जाईल हे नुसत्या पदार्थांच्या स्वभावावर ठरत नाही, कोण किती आहे आणि कोण मैदान सोडून जातो यावरही ठरतं.

आज हे वाचताना यात काय मोठं, असं वाटेल. त्या काळच्या रसायनशास्त्राला ते झेपणारं नव्हतं. १७१८ मध्ये जोफ्रुआनं आणि १७७५ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या टोर्बेर्न बर्गमननं आसक्तीचे तक्ते तयार केले होते. अमुक आम्लाला सर्वात जास्त ओढ कोणाची, मग कोणाची, अशी उतरंड. वरच्या पायरीवरचा आला की खालच्याला जागा सोडावीच लागणार, आणि पूर्णपणे सोडावी लागणार. जोडीदार बदलण्याची ही कल्पना इतकी आकर्षक होती, की गटेनं १८०९ मध्ये तिच्यावर एक अख्खी कादंबरी लिहिली. अशा तक्त्यात ‘किती’ या प्रश्नाला रकानाच नव्हता.

बर्थोलेनं आपला निबंध १७९९ मध्ये कैरोतच, नेपोलियननं स्थापलेल्या संस्थेत वाचला आणि १८०३ मध्ये त्याचा ग्रंथ केला. पण तो एक पाऊल जास्त पुढे गेला. प्रमाणावर अभिक्रिया ठरते, तर संयुगाची घटनाही प्रमाणानुसार बदलत असेल, असं त्यानं मांडलं. तिथे जोसेफ प्रूस्तनं त्याला गाठलं. संयुगातल्या घटकांचं प्रमाण ठरलेलंच असतं, हे प्रूस्तनं वर्षानुवर्षं विश्लेषणं करून दाखवलं आणि तो जिंकला. हरलेल्या मुद्द्याबरोबर बर्थोलेचा बरोबर असलेला मुद्दाही अडगळीत गेला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्याच्याकडे फारसं कोणी फिरकलं नाही.

तो पुन्हा बाहेर आला तो पॅरिसमध्येच, मार्सेलँ बर्थेलोच्या हातून. (बर्थोले आणि बर्थेलो या दोन नावांनी विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांना गंडवलं असेल, देव जाणे.) बर्थेलो आणि त्याचा सहकारी पेआँ द सँ-जिल यांनी १८६२-६३ च्या सुमारास अॅसेटिक आम्ल आणि अल्कोहोल बंद नळ्यांत घालून ठेवलं. दोघांतून एस्टर आणि पाणी तयार होतं. साध्या तापमानाला ही अभिक्रिया वर्षानुवर्षं रेंगाळते. नळी तापवली तर लवकर आटपते. पण लवकर असो की उशिरा, समप्रमाणात घेतलेल्या आम्लाचा सुमारे दोन तृतीयांश भाग बदलला की ती थांबायची. उलट बाजूनं, म्हणजे एस्टर आणि पाणी घेऊन सुरुवात केली, तरी नळी येऊन ठेपायची ती त्याच ठिकाणी.

हा आकडा जरा जवळून बघण्यासारखा आहे. एक भाग आम्ल, एक भाग अल्कोहोल घेतलं. शेवटी एस्टर दोन तृतीयांश, पाणी दोन तृतीयांश. उरलेलं आम्ल एक तृतीयांश, अल्कोहोल एक तृतीयांश. तयार झालेल्यांचा गुणाकार भागिले उरलेल्यांचा गुणाकार केला तर उत्तर येतं ४. आता अल्कोहोल दुप्पट घ्या. हा ४ तसाच राहायचा असेल तर आम्लाचा किती भाग बदलला पाहिजे? शाळेतलं वर्गसमीकरण सोडवलं की उत्तर सुमारे ८५ टक्के येतं, आणि नळीतही त्याच्याच आसपास सापडतं. आम्लाचा स्वभाव बदललेला नाही, फक्त समोरचा पक्ष वाढला. बर्थोलेला वाळवंटात जे दिसलं होतं त्याचा हा हिशेब.

असा हिशेब सगळ्या अभिक्रियांसाठी मांडण्याचा प्रयत्न नॉर्वेत झाला. काटो गुल्डबर्ग गणिताचा माणूस, पेटर वॉगे रसायनाचा. दोघांनी रिडरफोल्ड नावाच्या मंत्र्याच्या दोन मुलींशी लग्नं केली होती, म्हणून साडू. आणि वॉगेची पहिली बायको वारल्यावर त्यानं गुल्डबर्गच्या बहिणीशी लग्न केलं, म्हणून नंतर मेहुणेही. १५ मार्च १८६४ रोजी ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, त्यांनी वस्तुमान क्रियेचा नियम वाचून दाखवला. तो छापला नॉर्वेजियनमध्ये, म्हणजे युरोपच्या दृष्टीनं छापलाच नाही. १८६७ मध्ये फ्रेंचमध्ये काढला, तरी कोणी दखल घेतली नाही. १८७९ मध्ये जर्मनमध्ये लिहिला, तेव्हा कुठे लोक वाचायला लागले. दरम्यान इतरांनी तेच स्वतंत्रपणे शोधून काढलं होतं. वॉगे या काळात माशाचं सत्त्व आणि दूध टिकवण्याच्या पद्धती यांत रमला होता, आणि देशात त्याचं नाव त्यासाठीही झालं.

या नियमामागचं चित्र आता आपल्या अंगवळणी पडलं आहे. दादरला लोकलच्या डब्यातून जितके उतरतात तितकेच चढतात. गर्दी तेवढीच राहते, माणसं तीच नसतात. समतोल म्हणजे अभिक्रिया बंद पडणं नव्हे. दोन्ही दिशांचा वेग सारखा झाला, एवढंच. लंडनच्या अलेक्झांडर विल्यमसननं हे १८५० मध्येच सुचवलं होतं. १८८४ मध्ये याकोबुस व्हान्ट हॉफनं आपल्या ग्रंथात बरोबरच्या चिन्हाऐवजी एकमेकांविरुद्ध दिशेचे दोन बाण काढले. तेच आजही प्रत्येक वहीत काढले जातात.

त्याच वर्षी पॅरिसच्या खाणकाम विद्यालयातल्या आँरी ल शातेलिएनं समतोलाबद्दलचं आपलं तत्त्व मांडलं. त्याची पार्श्वभूमी सहसा सांगितली जात नाही. लोखंडाच्या झोतभट्टीतून कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडायचा. एवढा वायू वाया जातो म्हणजे तो खनिजाशी पुरेसा वेळ भिडत नाही, असं समजून इंग्लंडमध्ये भट्ट्या उंच करत नेल्या. तीस मीटरपर्यंत. खर्च अफाट झाला आणि वायूचं प्रमाण तसूभरही घटलं नाही. समतोलाशी उंचीचा संबंधच नव्हता. एखाद्या पानाच्या गणितानं हे आधीच सांगता आलं असतं, असं ल शातेलिए पुढे खेदानं लिहून गेला.

पण १८८४ हे वर्ष रसायनशास्त्राला आठवतं ते उप्सालासाठी. आसक्तीचे तक्ते करणारा बर्गमन जिथे शिकवायचा ते हेच विद्यापीठ, आणि त्याच्या मृत्यूला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती.

स्वांते अऱ्हेनियसचे वडील याच विद्यापीठाच्या जमिनींचे सर्व्हेअर. मुलगा हुशार, पण उप्सालाचा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक थालेन त्याला आपल्या विषयापलीकडे काही करू देईना आणि रसायनाचा प्राध्यापक क्लेवे त्याच्या कामाच्या वाटेला जाईना. १८८१ मध्ये तो स्टॉकहोमला एडलुंडच्या प्रयोगशाळेत गेला आणि क्षारांच्या अतिशय विरल द्रावणांतून वीज किती वाहते ते मोजत बसला. एक गोष्ट त्याला सतावत होती. द्रावणात पाणी वाढवत गेलं की तेवढ्याच क्षाराची वीज वाहण्याची ताकद वाढत जाते. पाणी स्वतः वीज जवळजवळ वाहतच नाही. मग पाणी घालून वाढतं काय? १७ मे १८८३ च्या रात्री त्याला याचं उत्तर सुचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही, असं त्यानंच पुढे सांगितलं आहे. द्रावणातले काही रेणू ‘क्रियाशील’ असतात, काही नसतात. पाणी वाढवलं की क्रियाशीलांचा वाटा वाढतो.

फॅरडेनं १८३४ मध्ये आयन हा शब्द रूढ केला तेव्हा त्याची समजूत अशी होती, की वीज सोडल्यावर रेणू फुटतो. १८५७ मध्ये क्लाउझियसनं वीज सोडण्याआधीही थोडे आयन मोकळे असावेत असं म्हटलं. पण थोडेच, नावापुरते. अऱ्हेनियस या ‘थोडे’ शब्दालाच हात घालत होता.

मे १८८४ मध्ये दीडशे पानांचा, फ्रेंचमधला प्रबंध त्यानं सादर केला. त्यात ५६ विधानं होती. प्रबंधाला श्रेणी मिळाली चौथी. जाहीर वादात त्यानं तो ज्या तऱ्हेनं मांडला त्याला तिसरी. या गुणांवर विद्यापीठात शिकवायची जागा मिळण्याचा प्रश्नच उरला नाही.

इथून पुढे ही गोष्ट नेहमी एकाच चालीवर सांगितली जाते: एक तेजस्वी तरुण, समोर दगडी प्राध्यापक, आणि वीस वर्षांनी नोबेल. मला ही चाल फार सोयीची वाटते. क्लेवे दगड नव्हता. १८७९ मध्ये त्यानं होल्मियम आणि थुलियम ही दोन मूलद्रव्यं शोधली होती. एकाच खनिजातल्या जुळ्या भावंडांसारख्या दुर्मिळ मृदा वेगळ्या करायच्या म्हणजे तेच क्षार पुन्हा पुन्हा विरघळवायचे आणि पुन्हा पुन्हा स्फटिक करायचे. ज्याचं आयुष्य त्यात गेलं त्याला क्षार म्हणजे हातात धरता येणारी वस्तू. शिवाय तो प्रबंध खरोखरच दुर्बोध होता. मोजमाप थोडं, अनुमानं पुष्कळ. आणि आज ज्याला आपण अऱ्हेनियसचा सिद्धांत म्हणतो तो, म्हणजे मिठाचे बहुतेक रेणू पाण्यात आधीच आयनांत फुटलेले असतात हे विधान, त्यात स्पष्ट शब्दांत नव्हतंच. १८८४ चा प्रबंध अर्धा होता. उरलेला अर्धा दुसऱ्यांनी मोजून ठेवलेल्या आकड्यांत होता, आणि ते आकडे मोजणाऱ्यांना त्याची गंधवार्ता नव्हती.

अऱ्हेनियसनं प्रबंधाच्या प्रती युरोपभर धाडल्या. एक गेली रशियन साम्राज्यातल्या रीगाला, तिशीतल्या विल्हेल्म ऑस्टवाल्डकडे. ऑस्टवाल्डनं हा दिवस रंगवून सांगितला आहे: एकाच दिवशी दाढ ठणकायला लागली, मुलगी झाली आणि हा प्रबंध आला, तिन्हींत पचायला जड गेला तो प्रबंध. त्यानं स्वतः कितीतरी आम्लांची ताकद वेगळ्या मार्गानं मोजली होती. एस्टर किंवा साखर फोडायला कोणतं आम्ल किती वेळ लावतं, त्यावरून. आता त्यानं तीच आम्लं घेऊन त्यांची वाहकता मोजली. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर क्रम तोच, आणि आकडेही जवळजवळ प्रमाणात. वेग आणि वीज, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कोणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं, ते एकाच गोष्टीवर बोट ठेवत होते.

ऑगस्टमध्ये ऑस्टवाल्ड थेट उप्सालाला जाऊन थडकला. क्लेवेनं समोरच्या पेल्यातलं द्रावण दाखवून, यात सोडियमचे अणू पोहत आहेत असं तुम्हाला खरंच वाटतं का, असं विचारलं आणि ऑस्टवाल्डनं मान डोलावल्यावर त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर ऑस्टवाल्डच्या आठवणींत आली आहे. पण परगावचा नामवंत प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्याला नोकरी द्यायला दारात आला, हे उप्सालानं पाहिलं. वर्ष संपायच्या आत अऱ्हेनियसची तिथेच अध्यापक म्हणून नेमणूक झाली.

दरम्यान अॅम्स्टरडॅमला व्हान्ट हॉफ साखरेच्या पाण्यात गुंतला होता. हा माणूस पूर्वी उट्रेख्टच्या पशुवैद्यक विद्यालयात शिकवायचा आणि त्यावरून जर्मनीच्या कोल्बेनं त्याची जाहीर टिंगल केली होती, की याला उडायला घोडा मिळाला तो जनावरांच्या दवाखान्यातला. व्हान्ट हॉफला हवी होती द्रावणाच्या ‘ओढी’ची मोजमापं. ती त्याला सांगितली वनस्पतिशास्त्रज्ञ सहकारी ह्यूगो द फ्रीसनं. व्हिल्हेल्म फेफर नावाच्या दुसऱ्या एका वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७७ मध्ये सच्छिद्र मातीच्या भांड्यावर कॉपर फेरोसायनाइडचा पातळ पडदा बसवून त्यात साखरेचं पाणी भरलं होतं. पडद्यातून पाणी आत शिरतं, साखर बाहेर पडत नाही, आणि आत दाब वाढत जातो. हा परासरणी दाब फेफरनं मोजला होता तो झाडांची मुळं पाणी कसं ओढतात ते कळावं म्हणून.

व्हान्ट हॉफनं त्या आकड्यांना एक विचित्र प्रश्न विचारला. भांड्यातली साखर साखर नसून तेवढ्याच रेणूंचा वायू असता, तर त्याचा दाब किती झाला असता? ६.८ अंश सेल्सिअसला एक टक्का साखरेच्या द्रावणाचा फेफरनं मोजलेला दाब होता ०.६६४ वातावरण. वायूच्या सूत्रानं आलेलं उत्तर ०.६६५. एवढी जुळणी योगायोगानं होत नाही.

फक्त क्षार आणि आम्लं या नियमात बसेनात. ग्रेनोब्लच्या राउलनं द्रावणांचे गोठणबिंदू मोजले होते. किलोभर पाण्यात एक मोल साखर घातली तर गोठणबिंदू १.८६ अंश खाली जातो. मीठ तेवढेच मोल घेतलं तर तो जवळजवळ दुप्पट उतरतो. कॅल्शियम क्लोराइडला तिपटीकडे झुकतो. व्हान्ट हॉफनं सूत्रात ‘आय’ नावाचा एक गुणक घातला, मिठाला दोनच्या आसपास वगैरे किमती दिल्या आणि तो का लागतो हे न सांगता पुढे गेला. हे काम छापून आलं स्टॉकहोमच्या विज्ञान अकादमीतर्फे.

१८८७ मध्ये अऱ्हेनियसनं ते वाचलं, तेव्हा त्याचा अर्धा प्रबंध पूर्ण झाला. मिठाचा एक रेणू दोन कणांचं काम करतो, कारण तो दोन कण आहे. वाहकतेवरून रेणूंचा किती भाग फुटला ते काढता येतं; त्यावरून ‘आय’ किती यायला हवा ते काढता येतं; आणि राउलच्या बर्फावरून तो किती येतो ते आधीच ठाऊक होतं. अऱ्हेनियसनं डझनावारी पदार्थांसाठी दोन रकाने शेजारी छापले. काही ठिकाणी फट होती, पण बहुतेक जागी आकडे हातात हात घालून चालले. हा निबंध ज्या नियतकालिकात आला ते ऑस्टवाल्ड आणि व्हान्ट हॉफ यांनी त्याच वर्षी सुरू केलं होतं, भौतिक रसायनशास्त्रासाठी.

आणखी एक जुनं कोडं जाता जाता सुटलं. कोपनहेगनच्या यूलियस थॉमसेननं तीव्र आम्लं आणि तीव्र आम्लारी एकत्र करून बाहेर पडणारी उष्णता मोजली होती. हायड्रोक्लोरिक असो की नायट्रिक, सोडा असो की पोटॅश, एका मोलाला उष्णता सुमारे १३,७०० कॅलरी. जोड्या वेगळ्या, क्षार वेगळे, आणि उष्णता एकच? अऱ्हेनियसच्या चष्म्यातून बघितलं तर सगळ्या जोड्यांत एकच गोष्ट घडते: हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी होतं. सोडियम आणि क्लोराइड आधीही मोकळे होते, नंतरही मोकळेच. ते नुसते हजर असतात.

तरीही विरोध कमी नव्हता, आणि तो मूर्खपणाचाही नव्हता. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर तो पेट घेतो. क्लोरीन हिरवट, जीव घुसमटवणारा वायू. मग मिठाच्या पाण्याला स्फोट का होत नाही, वास का येत नाही? आयन म्हणजे अणू नव्हे, त्यावर विद्युतभार असतो आणि भार आला की स्वभाव पालटतो, हे उत्तर बरोबर होतं. पण भार म्हणजे नेमकं काय, हे १८८७ मध्ये कोणालाच सांगता येत नव्हतं. इलेक्ट्रॉन सापडायला अजून दहा वर्षं होती. म्हणजे ही मंडळी एका अर्थी उधारीवर बोलत होती. लंडनचा आर्मस्ट्राँग त्यांच्यावर शेवटपर्यंत तुटून पडत राहिला. मेंडेलीव्हचं म्हणणं होतं, की विरघळणं म्हणजे पाण्याशी रासायनिक संयोग. तुम्ही पाण्याला नुसतं रिकामं मैदान समजता. या आक्षेपात तथ्य होतं. आयनांना पाण्याचे रेणू खरोखरच चिकटलेले असतात.

समतोल आणि द्रावण या दोन वाटा एकत्र आल्या त्या १८८८ मध्ये. रेणू फुटतो आणि आयन पुन्हा जुळतात, हीसुद्धा दोन बाणांची अभिक्रियाच. मग तिला गुल्डबर्ग-वॉगेचा नियम का लावू नये? ऑस्टवाल्डनं तो लावला. कमजोर आम्लांना तो चपखल बसला. अॅसेटिक आम्लाचा स्थिरांक, म्हणजे मघाच्या ४ सारखा आकडा, आला ०.००००१८ च्या आसपास, आणि द्रावण कितीही पातळ केलं तरी जवळजवळ तोच राहिला. त्या स्थिरांकावरून हिशेब केला तर चायनीजच्या गाडीवरच्या पाच टक्के व्हिनेगरमध्ये आम्लाच्या हजार रेणूंतले पाचही फुटलेले नसतात.

वर्षभरात ऑस्टवाल्डच्या लाइपझिगच्या प्रयोगशाळेतल्या वाल्टर नर्न्स्टनं हाच हिशेब न विरघळणाऱ्या साक्यांना लावला. याचा हिसका महाराष्ट्रात बारावीच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, भले तो नर्न्स्टचा आहे हे माहीत नसेल. सॉल्ट अॅनालिसिसमध्ये थर्ड ग्रुपला आधी अमोनियम क्लोराइड आणि मगच अमोनियम हायड्रॉक्साइड घालायचं. क्रम चुकला तर एक्सटर्नल भुवई उंचावतो. का, तर अमोनियम हायड्रॉक्साइड कमजोर आम्लारी. त्यात आधीच अमोनियम आयनांची गर्दी केली की समतोल मागे सरकतो आणि हायड्रॉक्साइड आयन नावापुरते उरतात. तेवढ्यावर लोखंड, अॅल्युमिनियम, क्रोमियम यांचा पीपीटी, म्हणजे साका, पडतो; मॅग्नेशियम आणि मंडळी पाण्यातच राहतात. पोरं टेस्ट ट्यूब उजेडात धरून ‘ब्राऊन पीपीटी’ असं जर्नलमध्ये लिहितात आणि पुढच्या ग्रुपला जातात. ही कृती नर्न्स्टच्या आधीही प्रयोगशाळांत होती. ऑस्टवाल्डनं १८९४ च्या पुस्तकात तिच्यामागचं कारण लिहिलं, तोवर विश्लेषण ही पाककृतींची वही होती. खेदाची गोष्ट ही, की आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती अजूनही तशीच शिकवली जाते: समतोल एका धड्यात, सॉल्ट दुसऱ्या मजल्यावर.

रसायनाचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये व्हान्ट हॉफला मिळालं. १९०३ मध्ये अऱ्हेनियसची पाळी आली तेव्हा त्याचं काम पदार्थविज्ञानाचं की रसायनाचं, यावर समितीत घोळ झाला. दोन्ही पारितोषिकांचा अर्धा अर्धा द्यावा, अशीही सूचना होती. शेवटी रसायनाचं दिलं. तोवर क्लेवेही त्याच्या बाजूला आला होता. ऑस्टवाल्डला १९०९ मध्ये मिळालं.

आणि एवढं सगळं झाल्यावर एक पेच तसाच होता. ऑस्टवाल्डचा नियम अॅसेटिक आम्लाला लागतो. मिठाला लागत नाही. ज्या मिठावरून सगळा वाद पेटला त्याचाच ‘स्थिरांक’ काढायला जावं तर द्रावण पातळ करत जाताना तो बदलतच राहतो. याला ‘तीव्र विद्युत अपघटनींची विसंगती’ असं भारदस्त नाव मिळालं आणि बरीच वर्षं ती पुस्तकांत नावापुरती राहिली.

तिला हात घातला तो कोलकात्यात. प्रफुल्लचंद्र राय यांचे विद्यार्थी ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं, की मीठ काही प्रमाणात फुटतं ही समजूतच सोडून द्या. ते पूर्णपणे फुटलेलं असतं. न फुटलेला रेणू द्रावणात नाहीच, तर त्याचा समतोल कुठून येणार? जी घट दिसते ती आयनांच्या एकमेकांवरच्या विद्युत ओढीमुळे. डेन्मार्कच्या बियेरुमनं पूर्ण विचरणाची, म्हणजे पूर्ण फुटण्याची, बाजू त्याआधी घेतली होती. घोषांनी त्या ओढीचा हिशेब मांडला. युरोपात त्याचं कौतुक झालं. हिशेबातला एक दुवा मात्र कच्चा होता. द्रावणातही आयन स्फटिकातल्यासारखे जाळीत ठराविक अंतरावर उभे आहेत, असं त्यांनी धरलं होतं. पाण्यातले आयन तसे शिस्तीत उभे राहत नाहीत. उष्णतेनं ते सतत धडपडत असतात.

१९२३ मध्ये झुरिकला पीटर डिबाय आणि एरिख ह्यूकल यांनी जाळी काढून टाकली. प्रत्येक आयनाभोवती सरासरीनं विरुद्ध भाराचं एक विरळ आवरण असतं, एवढंच त्यांनी धरलं. घोषांच्या कामाचा उल्लेख करून, ते कुठे चुकलं हे त्यांनी आपल्या निबंधात सांगितलं. त्यांच्या गणितातून संहतीचं वर्गमूळ बाहेर आलं. कोलराउशनं वाहकता मोजताना कैक वर्षं आधी नुसत्या प्रयोगावरून जे वर्गमूळ लिहून ठेवलं होतं, तेच. घोष तेव्हा ढाक्याला शिकवत होते. पुढे ते बंगळुरूच्या विज्ञान संस्थेचे संचालक आणि मग खरगपूरच्या पहिल्या आयआयटीचे पहिले संचालक झाले.

डिबाय-ह्यूकलचं सूत्रसुद्धा अगदी विरल द्रावणापुरतंच चालतं. लिटरमागे एक शतांश मोलच्या पुढे ते डळमळायला लागतं, आणि समुद्राचं पाणी त्याच्या कितीतरी पट गाढ असतं. तिथे १९७३ पासून केनेथ पिट्झरची समीकरणं वापरतात. त्यांतले गुणांक प्रत्येक क्षारासाठी प्रयोगानं काढून तक्त्यात भरलेले असतात, आणि मिठाला एक तर पोटॅशला दुसरा असे ते तिथून उचलावे लागतात.